अणुऊर्जा प्रकल्पाच्या बांधकामात केबलचं इन्सुलेशन खराब झालं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंब्याचं आयटीआय करून किंवा उद्यमनगर, शिरोलीत थोडे दिवस पॅनेलचं काम करून आपल्या कोल्हापूरची बरीच पोरं काँट्रॅक्टरकडनं कैगा, तारापूर, रावतभाटा, कुडनकुलमला इलेक्ट्रिकलच्या कामाला जातात, आणि मग रात्री रूमवरनं मेसेज येतात की सर आज असं असं झालं, काय करू. प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून इथं एकत्र केलेत. एक आधीच सांगतो, तुमच्या साईटची मंजूर प्रोसिजर आणि इथलं लिहिलेलं यात फरक दिसला तर प्रोसिजर खरी.

१. डॅमेज नेमकं कशाला म्हणायचं? नुसतं वरनं खरचटलं तरी डॅमेजच का?

केबल आतनं बाहेर बघा. मधे कंडक्टर, त्याच्यावर इन्सुलेशन, सगळ्या कोर मिळून इनर शीथ, मग आर्मर (धातूच्या तारांचं कवच) असला तर आर्मर, आणि सगळ्यात वर आउटर शीथ, ज्याला सगळे जॅकेटच म्हणतात. व्होल्टेज अडवायचं काम इन्सुलेशनचं, आणि त्या इन्सुलेशनला मार, पाणी, तेल यांच्यापासनं सांभाळायचं काम जॅकेटचं. त्यामुळं जॅकेटला चरा पडणं आणि इन्सुलेशन कापलं जाणं यात खूप फरक आहे, दुरुस्तीही वेगळी (प्रश्न १० बघा). पण हा फरक ठरवायचं काम तुमचं नाही, क्यूसीचं (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे काम तपासणाऱ्यांचं) आहे. नखाला लागेल असा चरा, चपटी झालेली जागा, फुगवटा, भाजल्याचा डाग, रंग उडालेला, बेंडवर पांढरट पडलेलं, चिकट लागणारं, यातलं काहीही दिसलं तर सांगायचं.

२. कारखान्यातली केबल आणि अणुभट्टीची केबल, दोन्हीत तांबंच असतंय की, मग एवढा फरक कशाला करतात?

तांबं तेच, फरक बाहेरच्या मटेरियलचा आणि त्याच्या कागदपत्राचा. साधी पीव्हीसी केबल कंडक्टरच्या ७० डिग्रीपर्यंत चालवतात, एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीन) ९० पर्यंत. पीव्हीसी जळली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सोडते, तो माणसाला घातक आणि रिले, कार्ड, काँटॅक्ट सगळं खाऊन टाकतो, म्हणून प्लँटमध्ये कमी धुराच्या, आग पुढं न नेणाऱ्या केबल मागतात.

सेफ्टीच्या केबलला याच्या पुढं जाऊन क्वालिफाय करावं लागतं. म्हणजे त्याच मेकची, त्याच मटेरियलची नमुना केबल आधी ओव्हनमध्ये ठेवून म्हातारी करतात, ४० वर्षांचं वय थोड्या दिवसांत चढवतात, मग गॅमा रेडिएशन देतात, आणि मग शंभर डिग्रीच्या वरची वाफ आणि पाण्याचा फवारा अशा चेंबरमध्ये ठेवून ती काम करत राहते का ते बघतात. आयईईई ३८३ हे त्याचं जगात जास्त वापरलं जाणारं स्टँडर्ड. आता तुम्हीच बघा, ही परीक्षा पास झाली ती अखंड केबल. तुम्ही जिच्यावर दुकानातली टेप गुंडाळली ती केबल या परीक्षेला कधी बसलीच नाही.

३. अजून फ्युएल भरलेलं नाही, रेडिएशन नाही, मग बांधकामातच एवढी भीती कशाची?

फ्युएल भरेपर्यंत रेडिएशनची भीती नाही हे बरोबर (रेडिओग्राफीचं काम चालू असलं तर तो एरिया सोडून). पण आज पडलेला काप आज काही करत नाही, हीच तर गोची आहे. केबल चालू होते, मोटर फिरते, कमिशनिंग होतं, सगळे पेढे खातात, आणि तो काप ट्रेमध्ये (केबल टाकायच्या पत्र्याच्या मार्गात) तसाच पडून राहतो. त्याची खरी परीक्षा होते पाइप फुटून रिअॅक्टर बिल्डिंगमध्ये वाफ भरल्यावर, आणि नेमकं त्याच वेळी तो पंप किंवा तो व्हॉल्व्ह चालायला पाहिजे असतो. तो दिवस कदाचित चाळीस वर्षांत एकदाही येणार नाही, पण केबल त्या दिवसासाठीच घेतलेली असते.

४. केबल खराब होते कशानं? आम्ही तर नीटच ओढतो.

सगळे नीटच ओढतात, तरी होते. सगळ्यात जास्त नुकसान पुलिंगमध्ये. तांब्याच्या कंडक्टरला धरून ओढताना चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन आणि ॲल्युमिनियमला ३० न्यूटन ही आपल्या आयएस १२५५ या भारतीय मानकातली मर्यादा, म्हणजे साधारण ५ किलो आणि ३ किलो. विंचवर ताण मोजायचा डायल नसला तर हे आकडे कागदावरच राहतात. वळणावर ओढ जास्त झाली की केबल आतल्या बाजूला दाबली जाते, वरनं काही दिसत नाही आणि आतलं इन्सुलेशन चपटं होतं. बेंड रेडियस आर्मर्ड मल्टीकोअरला व्यासाच्या साधारण १२ पट, सिंगल कोअरला १५ पट, पण मेकरच्या शीटवर काय आहे तेच धरायचं.

मग कंड्युट, म्हणजे केबल जायचा पाइप. आत आधीच चार केबल असताना पाचवी ओढायची म्हणजे दोरी किंवा नवी केबल आधीच्या केबलवर घासत जाते आणि अक्षरशः करवतीसारखी कापत जाते, आणि हे काहीच बाहेरनं दिसत नाही. नायलॉनच्या दोरीनं हे जास्त होतं. यासाठी एकाच कंड्युटमधल्या सगळ्या केबल एकदम ओढायच्या ही पद्धत चांगली, पण प्लॅनिंग तसं नसतं हे मलाही माहिती आहे. ग्रीस लावून ओढू नका, तेलकट पदार्थानं काही जॅकेट फुगतात, मंजूर लुब्रिकंटच वापरा.

बाकी कारणं साईटवर चालताना दिसतातच. वरच्या फ्लोअरवर वेल्डिंग आणि खाली उघडा ट्रे, ग्राइंडरच्या ठिणग्या, ट्रेला शिडी समजून चढणारे पाइपवाले, केबल टाय प्लायरनं आवळणं, ट्रेची कापलेली धार फाइल न करणं, ड्रम आडवा टाकून ढकलणं, ड्रमच्या फळ्या काढताना आत घुसलेला खिळा, कोअर ड्रिलिंग करताना भिंतीतलं कंड्युट फोडणं. आणि ग्लँडिंगच्या (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथं ग्लँड बसवायच्या) वेळी जॅकेट सोलताना चाकू जास्त खोल गेला की आतल्या कोरवर गोल काप पडतो. हा काप मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण तो ग्लँडच्या आत झाकला जातो आणि करणाऱ्याशिवाय कुणालाच माहिती नसतो. चाकू सोडा, खोली सेट करायचं स्ट्रिपर घ्या.

५. डॅमेज दिसलं की पहिलं काय करायचं?

हात लावायचा नाही. केबल चार्ज आहे का नाही हे तुम्हाला माहिती नसतं, बांधकामात अर्धा प्लँट टेम्पररी सप्लायवर असतो (प्रश्न १९). पुलिंग चालू असेल तर विंच थांबवा, कारण पुढं ओढलं की खराब जागा कंड्युटमध्ये निघून जाते आणि मग शोधत बसा. जागेवर खूण करा, केबलवर पेननं नाही, शेजारी ट्रेवर टॅग लावून. सुपरवायझरला सांगा, त्यानं क्यूसीला बोलवायचं. फोटो तुमच्या मोबाईलवर काढू नका, बहुतेक साईटवर कॅमेऱ्याला बंदी असते, फोटो क्यूसीवाले काढतात. मग होल्ड टॅग लागतो, नॉन कन्फर्मन्स रिपोर्ट म्हणजे एनसीआर निघतो, आणि डिझाइनवाले ठरवतात की आहे तसं ठेवायचं, दुरुस्त करायचं का बदलायचं. तोपर्यंत त्या केबलवर काम बंद.

६. फोरमन म्हणतोय टेप मार आणि पुढं चल, शिफ्ट संपायच्या आत ट्रे क्लोज करायचाय. काय करू?

टेप मारू नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं उसाच्या रानात बोअरच्या मोटारीची केबल तुटली की जॉइंट मारून टेप गुंडाळतो आणि मोटर दोन हंगाम चालते, ती सवय हाताला असते. तिथं केबल गेली तर पाणी एक दिवस उशिरा मिळतं. इथं ती टेप उष्णतेनं सुटते, तिचा गोंद वितळतो, रेडिएशननं ती कडक होऊन तडकते, आणि मुख्य म्हणजे टेपखाली काय आहे ते नंतर कुणालाच दिसत नाही. तपासणीला येणारा माणूस टेप बघून म्हणेल की ही बंडलिंगची टेप असेल. म्हणजे तुम्ही डॅमेज दुरुस्त केलं नाही, लपवलं. चरा पडणं ही साईटवर रोजची गोष्ट आहे, त्याला कुणी मोठा गुन्हा समजत नाही, लपवणं मात्र समजतात, आणि रेकॉर्ड खोटं निघालं की एका केबलचा विषय राहत नाही, त्या गँगनं ओढलेल्या सगळ्या केबलवर संशय येतो.

अजून एक बाजू आहे जी फोरमनलाही बहुतेक माहिती नसते. साध्या पीव्हीसी टेपमध्ये क्लोरीन असतं. ती टेप स्टेनलेस स्टीलच्या पाइपला चिकटून राहिली आणि पाइप तापला तर क्लोराइडमुळं स्टेनलेसला बारीक चिरा पडू शकतात. त्यामुळं अणुप्रकल्पात कुठली टेप, कुठला मार्कर, कुठलं क्लीनर स्टेनलेसजवळ न्यायचं याचीही यादी असते.

फोरमनला काय सांगायचं? भांडू नका. म्हणायचं, "साहेब, क्यूसीला एकदा दाखवून घेतो, नंतर उघडायला लागलं तर आपल्यालाच डबल काम." बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर क्यूसी किंवा सेफ्टीला थेट सांगायची सोय प्रत्येक साईटवर असते, ती वापरा.

७. एनसीआर माझ्या नावानं निघेल का? केबलचे पैसे पगारातनं कापतील का?

एनसीआर केबलवर निघतो, माणसावर नाही. त्यात केबल नंबर, जागा, काय झालं एवढंच असतं. पैशाचं म्हणाल तर वेतनाच्या कायद्यात नुकसानीची कपात फक्त तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाची, आणि तुमच्या हलगर्जीपणामुळंच नुकसान झालं असेल तरच, तेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. काँट्रॅक्टर परस्पर कापत असेल तर ते बेकायदेशीर आहे. पगाराची स्लिप मागून घ्या, तोंडी हिशोबावर राहू नका.

८. मेगर मारला, पाचशे मेगओहम आला. म्हणजे केबल ओके ना?

नाही. या एका गैरसमजामुळं सगळ्यात जास्त खराब केबल पास होतात.

मेगर कंडक्टर आणि अर्थ यांच्यात व्होल्टेज लावून गळती मोजतो. गळतीला वाट पाहिजे. आता समजा बिनआर्मरच्या, बिनशील्डच्या (आत धातूचं वेष्टण नसलेल्या) केबलचं इन्सुलेशन कापलंय, तांबं दिसतंय, आणि ते ट्रेच्या लोखंडापासनं एक मिलिमीटर वर आहे. कोरडी हवा एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट थोपवते. तुमचा मेगर पाचशे किंवा हजार व्होल्टचा. मग गळती होणार कशी, आकडा झकासच येणार. त्याच जागी वाफ साचून ओलसर थर बसला की वाट तयार होते आणि केबल अर्थ होते. आर्मर्ड आणि शील्डेड केबलमध्ये अर्थ इन्सुलेशनच्या जवळच असतो म्हणून तिथं मेगर जास्त खरं बोलतो, तरी अर्धवट काप, जिथं निम्मी जाडी शिल्लक आहे, तो तिथंही सापडत नाही, कारण उरलेली निम्मी जाडीसुद्धा हजार व्होल्टला पुरून उरते.

म्हणून मेगर नापास झाला तर केबल नक्की खराब, पास झाला तर एवढंच कळलं की आत्ता शॉर्ट नाही. डोळ्यानं दिसलेलं डॅमेज मेगरच्या आकड्यानं खोडता येत नाही. कंड्युटमध्ये संशय असला तर काही वेळा आत ओलं करून टेस्ट घेतात, किंवा एक केबल नमुना म्हणून बाहेर काढून बघतात, पण ते डिझाइनवाल्यांनी सांगितल्यावर.

९. मेगर किती व्होल्टचा लावायचा आणि किती आला की पास?

सर्वसाधारण पद्धत अशी: कंट्रोल केबलला ५०० व्होल्ट, १.१ केव्हीच्या पॉवर केबलला १००० व्होल्ट, ६.६ केव्हीला ५००० व्होल्ट, एक मिनिट. जुना ठोकताळा म्हणजे केव्ही अधिक एक, इतके मेगओहम किमान, पण नव्या केबलला एवढाच आला तर मी तरी घेणार नाही, नवी केबल शेकड्यांत, हजारांत दाखवते. लांबी वाढली की आकडा कमी होतो, १०० मीटरला जेवढा येतो त्याच्या दहावा हिस्सा १००० मीटरला. तापमान दहा डिग्री वाढलं की ढोबळमानानं निम्मा. त्यामुळं नुसता आकडा बघू नका, एकाच केबलच्या कोर एकमेकांशी ताडून बघा, एक कोर बाकीच्यांपेक्षा फारच खाली असली तर तिथं काहीतरी आहे. टेस्टच्या आधी दोन्ही टोकं सोडवा, कार्ड जोडलेलं असताना मेगर मारला तर कार्ड जातं. टेस्टनंतर केबल अर्थला डिस्चार्ज करा, लांब केबलमध्ये चार्ज साठतो आणि चांगलाच झटका देतो.

१०. दुरुस्ती कुठली चालते आणि कुठली नाही?

नुसतं जॅकेट फाटलंय, आतला आर्मर, इनर शीथ, इन्सुलेशन सगळं शाबूत, तर बहुतेक वेळा मंजूर हीट श्रिंक स्लीव्हनं (गरम केली की आवळणाऱ्या नळीनं) दुरुस्ती होते. दोन्ही टोकं आधीच टर्मिनेट झाली (जोडली गेली) असतील तर गोल नळी घालता येत नाही, मग बाजूनं गुंडाळून चेनसारखी लावायची रॅपअराउंड स्लीव्ह असते.

इन्सुलेशनच कापलंय तर विषय गंभीर. सेफ्टीच्या केबलला पहिली पसंती बदलण्याला. टोकाजवळ असेल आणि जादा लांबी शिल्लक असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा टर्मिनेट करणं सगळ्यात स्वच्छ. मधे जॉइंट मारणं शेवटचा पर्याय, आणि ट्रेच्या आत जॉइंट तर बऱ्याच प्रकल्पांत चालतच नाही, तो बॉक्समध्ये, ड्रॉइंगवर दाखवून, क्वालिफाय झालेल्या किटनंच. कंडक्टरच्या तारा कापल्या गेल्या असतील तर वरनं कितीही चांगली स्लीव्ह घातली तरी उपयोग नाही.

११. हीट श्रिंक मारण्यात काय चुकतं? नळी घालायची आणि गरम करायची एवढंच ना?

एवढंच असतं तर १९८६ साली अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाला चुकीच्या बसवलेल्या हीट श्रिंकबद्दल सगळ्या प्लँटना वेगळी सूचना काढायला लागली नसती. नळीचा साइज केबलच्या व्यासाच्या रेंजमध्ये पाहिजे, मोठी घेतली तर पूर्ण आवळत नाही. दोन्ही बाजूला चांगल्या जॅकेटवर पुरेशी चढली पाहिजे, साधारण ५० मिलिमीटर धरतात पण नेमकं मेकरच्या शीटवरनं. वर कापडी वेणी असेल तर ती काढायची, कारण ती वातीसारखं पाणी आत ओढते. आधी मंजूर सॉल्व्हंटनं पुसून वाळू द्यायचं. हीट गन वापरायची, गॅसची ज्योत नाही, मधनं सुरुवात करून टोकांकडं जायचं, म्हणजे हवा बाहेर निघते, आणि टोकाला गोंद बारीक रेषेत बाहेर आलेला दिसला पाहिजे. एक्सपायरी बघा, बॅच नंबर रेकॉर्डला लिहा. आणि क्यूसी होल्ड पॉइंट (क्यूसीनं बघेपर्यंत काम थांबवायचा टप्पा) असेल तर स्लीव्ह घालायच्या आधी जखम दाखवा, नंतर दाखवून काय उपयोग.

१२. रिअॅक्टर बिल्डिंगच्या आतली आणि बाहेरची केबल, नियम वेगळे का?

हो. आतल्या केबलला वाफ, रेडिएशन, फवारा सगळं सोसायचं असतं, बाहेर टर्बाइन बिल्डिंगमधल्या साध्या केबलला नाही. म्हणून तोच चरा बाहेर "आहे तसं ठेवा" म्हणून सुटतो आणि आत केबल बदलायला लावतो. भिंतीतल्या पेनिट्रेशन असेंब्लीच्या (केबल भिंतीतनं पार नेणाऱ्या सीलबंद जोडणीच्या) बाहेर आलेल्या शेपट्या तर सर्वात नाजूक. त्या कारखान्यातनं सील होऊन येतात, तिथं खराब झालं तर अख्खं मॉड्यूल बदलायची वेळ येऊ शकते, म्हणून त्या भागात शिडी लावताना आणि मचाण बांधताना आधी झाकून घ्या.

१३. केबल बदलायची ठरली, पण जुना मार्ग भरलाय. शेजारच्या ट्रेमधनं नेली तर चालेल का? संपते तर तिथंच.

न विचारता कधीच नाही. सेफ्टीच्या केबल दोन किंवा जास्त गटांत वेगळ्या नेतात, गट रंगानं ओळखता येतो, म्हणजे एका ठिकाणी आग लागली तरी दुसऱ्या गटाचा पंप चालेल. अमेरिकन आयईईई ३८४ मध्ये प्लँटच्या साध्या भागात उघड्या ट्रेंमध्ये आडवं ३ फूट आणि उभं ५ फूट अंतर सांगितलंय, तुमच्या प्रकल्पाचं अंतर ड्रॉइंगवर असेल. तुम्ही इन्सुलेशनचा प्रश्न सोडवायला गेला आणि दोन गट एका ट्रेत आणले तर आधीपेक्षा मोठा घोळ केला.

हे का, ते उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या प्लँटला कळलं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा युनिट १ मध्ये टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरचा हायड्रोजन बाहेर येऊन पेटला आणि आग केबलमधनं पसरली. गट नीट वेगळे नसल्यानं आणि मधे आग रोखणारे अडथळे पुरेसे नसल्यानं सगळीच वीज गेली, प्लँट साधारण १७ तास अंधारात होता. ऑपरेटर टॉर्च घेऊन वर चढले आणि हातानं व्हॉल्व्ह उघडले. रिअॅक्टर सुरक्षित राहिला, पण नंतर देशातल्या प्लँटमध्ये केबलचे मार्ग आणि फायर बॅरिअर यावर बरंच काम झालं.

१४. भोकातनं केबल गेल्यावर सील करतात, त्या सीलमध्येच केबल खराब दिसली तर?

सील स्वतः फोडू नका. तो आग अडवायचा अडथळा आहे, फोडला की तो एरिया कागदावर उघडा होतो आणि त्याचं वेगळं परमिट लागतं. आणि सीलजवळ ज्योत न्यायची नाही, कधीच. २२ मार्च १९७५ ला अलाबामातल्या ब्राउन्स फेरी प्लँटमध्ये कामगार सीलमधनं हवा येते का ते मेणबत्ती धरून बघत होते, फोम पेटला, आग काही तास चालली आणि सोळाशेच्या वर केबल जळाल्या. युनिट १ आणि २ तेव्हा चालू होते, ३ चं बांधकाम चालू होतं. आज आग न पसरणारी केबल, अंतर, बॅरिअर यावर जे नियम आपण कुरकुर करत पाळतो त्यातले बरेचसे या मेणबत्तीनंतर आले.

१५. इन्स्ट्रुमेंटच्या केबलची शील्ड फाटली पण कोर चांगल्या आहेत. चालेल?

मेगरला चालेल, सिग्नलला नाही. शील्ड सहसा एकाच टोकाला अर्थ करतात. मधे जॅकेट फाटून शील्ड ट्रेला टेकली की दोन ठिकाणी अर्थ होते, त्यातनं करंट फिरतो आणि रीडिंग नाचायला लागतं. मग कमिशनिंगवाले पंधरा दिवस ट्रान्समीटर बदलत बसतात. ड्रेन वायर तुटली असेल तर ती पिरगाळून जोडू नका, एनसीआर टाका.

न्यूट्रॉन डिटेक्टरच्या कोॲक्स, ट्रायॲक्स केबल तर अजूनच वेगळ्या. तिथं करंट इतका बारीक असतो की शंभर मेगओहमची गळतीसुद्धा सिग्नल खाऊन टाकते, म्हणून प्रश्न ९ मधले आकडे तिथं लावू नका. हाताचा घाम कनेक्टरला लागला तरी फरक पडतो, हातमोजे घाला.

१६. स्टीलच्या नळीसारखी एमआय (मिनरल इन्सुलेटेड) केबल आहे, तिला कुठं इन्सुलेशन असतंय? वाकली तर वाकली.

असतं की, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर दाबून भरलेली असते, तेच इन्सुलेशन. उष्णता आणि रेडिएशन तिला काही करत नाही, पण ती हवेतलं पाणी भराभर ओढते. टोक उघडं राहिलं किंवा नळीला टाचणीएवढं भोक पडलं की मेगर खाली यायला लागतो. पुन्हापुन्हा वाकवली की धातू कडक होऊन तडकतो. साध्या कामात टोक कापून, गरम करून, पुन्हा सील करतात, पण डिटेक्टरबरोबर कारखान्यातनं सील होऊन आलेली असेल तर कापायची नाही, मेकरलाच विचारायचं.

१७. आर्मरची एकदोन तार तुटली, बाकी ठीक. हे पण लिहायचं?

लिहायचं. तुटलेल्या तारेचं टोक आत वळून इनर शीथला टोचत असतं, आणि आर्मर बऱ्याचदा अर्थचा रस्ताही असतो.

१८. पावसात ड्रम भिजला, टोकाची टोपी निघाली होती. केबल वापरायची का?

कैगा म्हणजे कारवारच्या आतलं जंगल, तिथला पाऊस गगनबावड्याच्या माणसालाही दमवतो. बाहेरनं भिजली तर काही नाही, टोक उघडं राहिलं तर पाणी तारांच्या फटीतनं मीटर मीटर आत जातं. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी बुडालेल्या मोटारी वाळवून पुन्हा मेगर मारलाय त्यांना वाटतं की केबलही वाळवली की झालं. मोटर ओव्हनमध्ये जाते, पाचशे मीटरचा ड्रम जात नाही. टोकाचा काही भाग कापून तारांमध्ये ओल दिसते का बघतात, दिसली तर अजून कापतात, नाहीतर कोरडा नायट्रोजन आतनं सोडतात. एमव्ही (मीडियम व्होल्टेज) एक्सएलपीई केबलमध्ये राहिलेलं पाणी वर्षानुवर्षं इन्सुलेशनमध्ये बारीक झाडासारख्या फांद्या तयार करतं आणि मग एक दिवस केबल फुटते. उपाय सोपा, कापलं की लगेच टोपी, जेवायला जायच्या आधी.

आणि हो, उंदरानं कुरतडलं तरी एनसीआरच. हसू नका, लई वेळा येतो हा प्रश्न.

१९. प्लँटच्या केबलचं कळलं, पण टेम्पररी सप्लायच्या वायरला कोण विचारतंय?

बांधकामात माणूस मरतो तो याच वायरनं. प्लँटची नवी केबल अजून चार्जसुद्धा नसते, पण ग्राइंडरची, हॅलोजनची, वेल्डिंगची वायर पाण्यातनं, सळ्यांवरनं, गाड्यांच्या चाकाखालनं गेलेली असते. फाटलेली दिसली की प्लग काढून बाजूला, टेप नाही, जॉइंट नाही, कापून टाका म्हणजे पुन्हा कुणी लावणार नाही. प्रत्येक बोर्डला ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पाहिजे आणि त्याचं टेस्ट बटण सकाळी दाबून बघायचं, ट्रिप झाला नाही तर तो बोर्ड बंद. सारखा ट्रिप होतोय म्हणून बायपास करणारे महाभाग प्रत्येक साईटवर असतात, ट्रिप होतोय म्हणजेच कुठंतरी इन्सुलेशन गेलंय. अणुप्रकल्पातल्या कामगारांच्या सुरक्षेला ॲटॉमिक एनर्जी फॅक्टरीज रूल्स १९९६ लागू आहेत आणि त्यावर देखरेख एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) आहे, त्यामुळं काँट्रॅक्टरला हे टाळता येत नाही.

२०. ट्रे बंद, सील झाला, टेस्ट रिपोर्टवर सह्या झाल्या, आणि आता एकानं सांगितलं की त्या कंड्युटमध्ये केबल कापली गेली होती. आता गप्प बसावं का?

गप्प बसू नका, उशिरा टाकलेला एनसीआर चालतो. कुणी केलं हे सांगायची गरज नाही, कुठं आणि कधी एवढं पुरे. अमेरिकेत टेनेसीतल्या वॉट्स बार प्लँटचं बांधकाम १९७३ ला सुरू झालं, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं कंड्युटमधल्या केबल एकमेकींवरनं ओढताना कापल्या गेल्याचं सापडलं. मग कुठल्या कुठल्या कंड्युटमध्ये असं झालं असेल याचा अभ्यास, केबल काढून बघणं, बदलणं असं सगळं करावं लागलं. बाकीही बऱ्याच अडचणी होत्या, पण पहिलं युनिट चालू व्हायला १९९६ उजाडलं. फ्युएल भरायच्या आधी केबल बदलायला फक्त वेळ आणि पैसा लागतो. नंतर तिथं जायला डोसचा (अंगावर पडणाऱ्या रेडिएशनचा) हिशोब, परमिट, शटडाउन सगळं लागतं.

२१. एनसीआर इंग्लिशमध्ये लिहायला लागतो, मला जमत नाही, म्हणून मी टाळतो.

फॉर्म क्यूसीवाला भरतो, तुम्ही फक्त माहिती नीट द्या, मराठीत, हिंदीत, कशीही. "केबल फाटली आहे" एवढ्यावर काही कळत नाही. कुठली, कुठं, किती, आतलं काय दिसतंय, कधी दिसलं, हे पाच सांगा. अंदाज बांधू नका, "मेगर ओके आहे त्यामुळं चालेल" असलं काही जोडू नका. वहीत असं लिहून ठेवलं तरी पुरतं:

"केबल नंबर टॅगप्रमाणे. लेव्हल १००, ट्रे ड्रॉइंगप्रमाणे, कॉलमपासनं पूर्वेला अंदाजे २ मीटर. आउटर शीथवर ४० मिमी लांब काप, आर्मर दिसतोय, तार तुटलेली नाही, इनर शीथ दिसत नाही. दुपारी साडेतीनला पुलिंग करताना दिसलं, विंच थांबवला, टॅग लावला, केबल चार्ज नव्हती हे सुपरवायझरनं बघितलं."